तिसरं कॉलेज पाहून घेऊ

मुरली गेल्याचा फोन आला तेव्हा मी नववी 'ब'ची हजेरी घेत होते. शाळा उघडून तीनच दिवस झाले होते, पोरांची नावं अजून तोंडात बसली नव्हती. फोन सुनीताचा, म्हणजे मुरलीच्या बायकोचा. एरवी वर्गात मी फोन उचलत नाही, आणि एखाद्या पोराने उचलला तर मी काय करते ते आमच्या शाळेत सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवसांत मात्र तो टेबलावर समोरच ठेवलेला असायचा. "बाई, झालं," एवढंच ती म्हणाली. मी "बरं" म्हणाले. आणि मग, का ते मला सांगता येणार नाही, उरलेली अकरा नावं पुकारली, गैरहजर पोरांपुढे खुणा केल्या, खाली सही केली आणि मगच मुख्याध्यापकांकडे गेले. सख्खा धाकटा भाऊ गेल्यावर मी पहिली गोष्ट केली ती ही. लोकांना विचित्र वाटेल. वाटू दे.

मुरली तुमसरच्या एका राईस मिलमध्ये मिस्त्री होता. वय सत्तेचाळीस, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. आमची आई लवकर गेली, त्यामुळे त्याला न्हाऊमाखू मीच घातलेलं; तो मला 'बाई' म्हणायचा आणि मी त्याच्यावर हक्काने खेकसायचे. मशीन बिघडायच्या आधी त्याला कळतं, अशी त्याची ख्याती होती. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "आठ दिवस काढते." मालक त्या शब्दावर नवं बेअरिंग मागवून ठेवायचे. असा हा माणूस अन्ननलिकेच्या कर्करोगाने गेला. नागपूरच्या डॉक्टरांनी मार्चमध्ये आम्हाला समोर बसवून सांगितलं, "चार महिने आधी आणलं असतं तर वेगळं काही बोलता आलं असतं." चार महिने मागे मोजले की दिवाळीची सुट्टी येते. त्या सुट्टीत मुरली, त्याची लेक मयूरी आणि मी, असे तिघं दहा दिवस देशातली मोठमोठी कॉलेजं पाहत फिरत होतो. मुरली चांगला होता, कष्टाळू होता, कोणाच्या अध्यात ना मध्यात... हे सगळं खरंच आहे आणि ते तेरवीला सांगून झालं. मला त्या दहा दिवसांबद्दल लिहायचं आहे. तो माणूस माझ्या शेजारी बसून दहा दिवस जेवत नव्हता, आणि तीस वर्षं पोरांना पचनसंस्था शिकवणाऱ्या मला ते दिसलं नाही. असं कसं झालं, हे मला स्वतःला विचारायचं आहे.

मयूरी त्याची एकुलती लेक. गणित आमच्या घरात कोणाला कधी आलं नाही. मीसुद्धा विज्ञान शिकवते ते पाठांतराच्या जोरावर, आता निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना हे कबूल करायला हरकत नाही. पण ही पोर आठवीत असताना माझ्या दहावीच्या पोरांची गणितं सोडवून द्यायची. बारावीला गेली तेव्हा तिच्या मास्तरांनी सांगितलं की हिला इंजिनियरिंगच्या रांगेत उभी करू नका. देशात मोजक्या संस्था अशा आहेत जिथे शुद्ध गणित आणि विज्ञान शिकवतात, हजारोंतून मूठभर पोरं निवडतात, तिथे पाठवा. एक पुण्याची, एक हैदराबादची, एक बेंगळुरूची. मयूरीने तिन्ही परीक्षांचा अभ्यास सुरू केला. मुरली म्हणाला, "परीक्षा दे बेटा. पन मी पाहिल्याशिवाय हो म्हननार नाही."

"अरे, आधी त्यांनी तं तिले पसंत करू दे," मी म्हटलं.

"ते पोरगी पाहतीन, आपन घर पाहू. पोरगी द्यायची आहे वो बाई, धानाचं पोतं नाही."

हे 'घर पाहणं' म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्याकडे सोयरिकीत मुलीकडची चार माणसं मुलाचं घर पाहायला जातात. विहीर पाहतात, गोठा पाहतात, शेजाऱ्याला हळूच बाजूला घेऊन विचारतात. आणि 'जमलं' असं तोंडाने म्हणेपर्यंत त्या घरचं पाणीही घेत नाहीत, कारण घेतलं की होकार दिल्यासारखं होतं. आता बहुतेकांनी हे सोडलं, आमच्या बाबांनी सोडलं नव्हतं. माझ्यासाठी एक स्थळ पाहायला ते पवनीकडे गेले होते, भर वैशाखात. समोर ठेवलेल्या तांब्याकडे पाहत दुपारभर बसले आणि घरी येऊन रांजणापाशी उभ्यानेच तांब्यावर तांबे प्यायले. ते स्थळ जमलं नाही. पुढेही कुठलं जमलं नाही, त्याचं मला फारसं दुःखही नाही. पण बाबांची ती तहान पाहून मुरली, तेव्हा अकरा-बारा वर्षांचा असेल, पोट धरून हसला होता. तोच मुरली आता कॉलेजं पाहायला निघताना म्हणाला, "जमलं म्हनेपर्यंत तिथलं काही घ्यायचं नाही." मला आधी वाटलं चेष्टा करतो आहे. मग वाटलं वयाबरोबर बाप अंगात शिरतो, तसं काहीतरी. आणि मग मला राग आला.

नागपूरहून पुण्याची गाडी पकडली. आता आठवतं तेव्हा एकेक गोष्ट समोर येऊन उभी राहते. त्याच्या पँटच्या पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं एक नवं भोक होतं आणि पट्ट्याचं टोक बाजूला लोंबत होतं. सुनीताने दिलेल्या पोळ्या आणि वांग्याची भाजी त्याने आमच्या दोघींपुढे सरकवली. म्हणाला, दात दुखून राहिला. चहा घेतला तो गार होऊ दिला, त्यात बिस्कीट पूर्ण विरघळू दिलं आणि मग तो गाळ घोट घोट प्यायला. मध्येच थांबायचा, छातीवर मूठ ठेवायचा, खिडकीबाहेर पाहायचा. त्या उन्हाळ्यात त्याने खर्रा सोडला होता. सुपारी-तंबाखू घोटून केलेल्या त्या पुडीशिवाय मिलमध्ये एक माणूस सापडणार नाही, आणि याने वीस वर्षांची सवय एका आठवड्यात सोडली म्हणून मी त्याचं चारचौघांत तोंडभरून कौतुक केलं होतं. "जळजळ होते वो बाई, म्हनून सोडला," असं तो तेव्हा म्हणालाही होता. आम्ही म्हटलं, कसा का होईना, सुटला ना! प्रत्येक गोष्टीला काहीतरी कारण होतं आणि प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं.

शिवाय माझं लक्ष दुसरीकडे होतं. अशा मोठ्या कॉलेजांतल्या पोरांच्या बातम्या आपण सगळेच वाचतो. परीक्षा कठीण, घर लांब, पोर एकटी... पुण्याच्या कॉलेजात शिरल्याबरोबर मी इमारतींचे मजले मोजले. होस्टेलची एक खोली दाखवली तेव्हा माझी नजर आधी छताच्या पंख्याकडे गेली. आम्हाला फिरवायला तिसऱ्या वर्षाची एक मुलगी दिली होती, नांदेडकडची, हसरी. तिला मी बाजूला घेऊन विचारलं, इथे पोरींना त्रास होतो का, रडतात का, कोणाशी बोलायची सोय आहे का. ती नीट उत्तरं देत होती आणि मी तिच्या डोळ्यांखाली काळं आहे का ते तपासत होते. आमच्या घरावर काही येणार असेल तर ते या पोरीच्या वाटेने येईल, अशी माझी खात्रीच होती. मी इतक्या काळजीने पहारा देत होते, आणि तो चुकीच्या दाराशी.

मुरलीचं पाहणं वेगळं. त्याने मेसच्या मागे जाऊन स्वयंपाक्याकडून तांदूळ मागून घेतला, तळहातावर पसरला, फुंकर मारली. "कनी जास्त आहे, पन तांदूळ जुना आहे. पोट दुखनार नाही," असा निकाल दिला. मयूरी लाजेने अर्धी झाली होती. पाण्याची टाकी कधी धुतात, अपरात्री पोरगी आजारी पडली तर कोण नेतं, जवळचा दवाखाना किती लांब, हे त्याने त्या नांदेडच्या पोरीला दोनदा विचारलं. आवाज बसलेला होता, ती पुन्हा पुन्हा "काय म्हणालात काका?" करत होती. मग तिने आम्हाला मेसमध्ये जेवायला बसवलं. वरण, भात, फ्लॉवरची भाजी. मुरली हात जोडून म्हणाला, "तुम्ही जेवा माय. आमचं अजून ठरलं नाही."

तिथून बाहेर पडल्यावर फाटकापाशीच मी त्याला धरला. म्हटलं, "कॉलेज म्हनजे सासर आहे का रे? पोरगी शिकाले चालली. ज्या रिवाजापायी बाबा उन्हात तहानेले बसले तो तू विज्ञानाच्या कॉलेजात घेऊन आला. तुले लाज नाही वाटत?" मी बरंच बोलले. बायकांच्या सभांमध्ये मी भाषणं करते, त्यातलीही दोन-चार वाक्यं आली असावीत. तो ऐकत राहिला, हसत राहिला. मयूरी म्हणाली, "आत्या, जाऊ दे ना." तो म्हणाला, "बाई, तुहं बरोबर आहे. पन मले नाही जमत." आता ते वाक्य मी मनात फिरवून फिरवून पाहते. मले नाही जमत. मी ते रिवाजाबद्दल ऐकलं.

हैदराबादला आम्ही कॉलेजबाहेर एका लॉजवर उतरलो होतो. बाहेरचं खायला त्याची मनाई नव्हती, म्हणून सकाळी त्याच्यासाठी इडली मागवली. मऊ आहे, दाताला लागणार नाही, असं मीच म्हटलं. एक इडली सांबारात कालवून त्याने अर्ध्या तासात संपवली आणि मी घड्याळ पाहत चिडचिड करत होते, कारण दहाची वेळ ठरली होती. हे कॉलेज गावाबाहेर, मोठमोठ्या खडकांच्या मध्ये. सुट्टीमुळे तिथे माणूस नव्हता. लांब रस्ते, बंद दारं, आमच्या चपलांचा आवाज तेवढा येत होता. मला ते ठिकाण पहिल्या नजरेतच आवडलं नाही. ऑफिसात एक बाई होत्या, त्यांच्याशी मी होस्टेलच्या नियमांबद्दल बोलत बसले. मुरली पाय मोकळे करतो म्हणून बाहेर गेला, थोड्या वेळाने मयूरी त्याला शोधायला गेली. पंधरा-वीस मिनिटं दोघांचाही पत्ता नाही. आले तेव्हा मुरलीने तोंड धुतलेलं होतं, शर्टाचा पुढचा भाग ओला होता. मी दोघांनाही झापलं की आपण इथे टिवल्याबावल्या करायला आलो नाही, त्या बाई आपल्यासाठी थांबल्या आहेत. "हो वो बाई, चुकलंच," मुरली म्हणाला. त्या दिवशी संध्याकाळच्या गाडीत मयूरी खिडकीकडे तोंड करून बसली, तिने पुस्तक उघडलं नाही. मला वाटलं कॉलेज बघून घाबरली. मनात म्हटलं, घाबरलेलं बरं, डोळे उघडे राहतील.

बेंगळुरूचं कॉलेज जुनं, झाडांनी भरलेलं. तिथल्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी मयूरीला फळ्यापाशी नेलं आणि एक गणित घातलं. तिने अर्धं सोडवलं आणि थांबली. ते म्हणाले, थांबलीस ते बरोबर जागी थांबलीस, इथून पुढचं कोणालाच अजून येत नाही. मयूरीचा चेहरा तेव्हा जसा झाला तसा मी आधी कधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. मुरलीने तो पाहिला. बाहेर आल्यावर कोणी काही विचारायच्या आत तो कँटीनच्या दिशेने चालू लागला. काउंटरवर हाताने खूण करून त्याने दहीभात मागितला, वाटीभर. बाकावर बसला. पहिला चमचा तोंडात घालून म्हणाला, "जमलं."

मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हटलं, "हरला ना शेवटी? एवढे दिवस उपाशी राहून काय कमावलं?" आणि हसले. तो दुसऱ्या चमच्यावर होता. ती वाटी संपायला किती वेळ लागला असेल... मी मध्ये जाऊन मुख्य इमारतीचे फोटो काढून आले, परत आले तरी वाटीत भात होता. प्रत्येक घासाला तो मान खाली घालायचा, खांदे वर व्हायचे, डोळ्यांत पाणी यायचं. मी म्हटलं, अरे, रडतो कायले, पोरगी आत्ताच कुठं चालली? मयूरी समोर बसून रडत होती. बाप-लेकीचा आनंद म्हणून मी त्यांचाही एक फोटो काढला. तो फोटो माझ्या फोनमध्ये आहे. डॉक्टरांना दाखवला असता तर त्यांनी त्या फोटोवरून निदान केलं असतं.

परतलो आणि मिलचा हंगाम लागला. नवीन धान आलं की मिस्त्रीला घरी जेवायला यायचीही सवड नसते, त्यामुळे तो घरी काय जेवतो हे सुनीताला नीट दिसलं नाही. जानेवारीत तो ताक आणि भाताच्या पेजेवर होता. मी म्हटलं, दात काढून टाक एकदाचा. मयूरीचा बारावीचा शेवटचा पेपर झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी तो सकाळी आंघोळ करून माझ्या घरी आला, दारातच म्हणाला, "बाई, आता नागपूरले चाल." आत आला नाही. मला वाटतं, त्या दारातच मला सगळं कळलं. पट्ट्याचं भोक, बिस्कीट, इडली, सगळं एकदम. दवाखान्यात दुर्बीण घातली तर ती पुढे जाईना, एवढी वाट अडली होती. पुढचे तीन महिने मी लिहीत नाही. नळीने पोटात दूध जायचं. जूनमध्ये मयूरीचं नाव बेंगळुरूच्या यादीत लागलं, तिने त्याच्या कानाशी जाऊन सांगितलं. त्याने डोळे मिटले. ती गुंगी होती की समाधान, आम्हाला कळलं नाही. त्यानंतर बाराव्या दिवशी तो गेला.

तेरवी झाली आणि मयूरीने जाहीर केलं, "मी बेंगळुरूले जात नाही. इथंच बी.एस्सी. करतो." आमच्याकडच्या पोरी 'करतो'च म्हणतात. सुनीताने समजावलं, तिच्या मास्तरांनी समजावलं. प्रवेश पक्का करायला चार दिवस उरले होते. आईला एकटं टाकवत नसेल असं सगळे म्हणत होते, पण सुनीता तर रोज तिच्यापुढे हात जोडत होती. शेवटी मी गेले. दुपारची वेळ, सुनीता बाहेर गेली होती, मयूरी धान्याच्या कोठीला टेकून जमिनीवर बसलेली. मी सवयीप्रमाणे आवाज चढवूनच सुरुवात केली की बापाने एवढं केलं आणि तू... तिने मला मध्येच थांबवलं.

"आत्या, मी पाहिलं होतं."

काय पाहिलं, मी विचारलं.

"हैद्राबादले. तिथं मागं नळ होता. बाबा सकाळची इडली ओकून राहिले होते. आख्खी तशीच. संग रक्त होतं. त्यायनं मले पाहिलं. म्हनले, बाईले सांगू नको, ते आत्ताच्या आत्ता आपल्याले घरच्या गाडीत बसवन. तिसरं कॉलेज पाहून घेऊ." ती थांबली. "मी हो म्हटलं. मले तिसरं पाहायचं होतं, आत्या."

आणि घरी आल्यावर? तर घरी आल्यावर त्याने पेपर होईपर्यंत शपथ घातली. पोरीने रोज त्याचं ताट पाहिलं, रोज गणित केलं आणि गप्प राहिली. "नोव्हेंबर ते मार्च," ती म्हणाली. "चार महिने. डॉक्टर चारच म्हनले ना?"

तेव्हा मला मुरलीचा राग आला. मेलेल्या माणसाचा एवढा राग येऊ शकतो हे मला ठाऊक नव्हतं. अरे, तुझं मरण तुझं होतं, ते सतरा वर्षांच्या लेकीच्या पदरात कायले टाकलं? माझ्याशी भांडला असता, मला शिव्या दिल्या असत्या, मला सांगून गप्प बसवलं असतं तरी चाललं असतं. मी छप्पन वर्षांची होते. मी तुला न्हाऊ घातलं होतं. पण माझ्याशी तू रिवाजाचा खेळ खेळलास, कारण तुला माहीत होतं की बाईसमोर एखादी जुनी रूढी धरली की ती भांडणात रमते आणि तिला दुसरं काही दिसत नाही. तू मला बरोबर ओळखलंस... आजवर मला कोणी इतकं ओळखलं नसेल. हे सगळं मी तिथे, त्या कोठीपाशी, पोरीसमोर मोठ्याने बोलले. ती घाबरून पाहत राहिली.

तुझी काही चूक नाही, असं मी तिला म्हटलं नाही. ती हिशेबाची पक्की, अशी वाक्यं तिला चालत नाहीत. मी एवढंच म्हटलं की तू पाहिलं आणि बोलली नाहीस; मी शेजारी बसून पाहिलंच नाही. माझ्या वयाने, माझ्या शिक्षणाने पाहायला हवं होतं. आणि मग मी जे बोलले ते बरोबर होतं का, मला आजही कळत नाही. मी म्हटलं, "नाही जायचं तं नको जाऊ. पन मग त्यानं तो भात कायले गिळला, ते सांग मले." दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कागदपत्रं काढली. जमलं, सगळे म्हणाले, बाईंनी समजूत घातली. मी कसली समजूत घातली! एका मेलेल्या माणसाचे घास मी त्या पोरीच्या अंगावर घातले आणि तिला गाडीत बसवलं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी तिला सोडायला गेले. खोली मिळाली, पलंगावर चादर घातली, सोबतची मुलगी केरळची, चांगली वाटली. या खेपेला मी पंख्याकडे पाहिलं नाही. माझी गाडी संध्याकाळची होती, म्हणून दुपारी तिच्याबरोबर मेसमध्ये जेवायला बसले. खूप गर्दी होती, ताटांचा आवाज, पोरं मोठमोठ्याने बोलत होती. भात होता, सांबार होतं, कोबीची भाजी. मी पहिला घास घेतला आणि पाहिलं तर मयूरीचा हात ताटात तसाच थांबलेला. ती माझ्या तोंडाकडे पाहत नव्हती, जरा खाली, गळ्याकडे पाहत होती. मी गिळलं. तो घास खाली उतरल्याची तिची खात्री झाली, मग तिने आपला घास उचलला. दुसऱ्या घासालाही तेच, तिसऱ्यालाही. तिला स्वतःला ते कळत नसावं. शेजारी तिची केरळची मैत्रीण येऊन बसली, जेवू लागली, तर मयूरीची नजर तिच्याही गळ्याकडे जाऊन आली. मला भूक नव्हती, प्रवासाने डोकंही दुखत होतं. तरी मी ते ताट संपवलं, उठून पुन्हा भात वाढून आणला, आणि तिच्या समोर बसून, तिला दिसेल असा, सावकाश, शेवटच्या शितापर्यंत खाल्ला.